दोन थेंब जास्त

मी एक जुना सेल्फ आहे. गाडीची किल्ली फिरवल्यावर पहिला जो 'टक' आवाज येतो ना मित्रांनो, तो माझा. पुढची घरघर इंजिनाची, आणि पुढचं सगळं कौतुकही इंजिनाचंच. गाडी काय पळते, असं लोक म्हणतात. गाडी काय उठते, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. बॅटरीतून वीज घ्यायची, माझं लहान दातेरी चाक दांड्यावरून पुढे सरकवायचं, त्याचे दात इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकवायचे आणि त्या झोपाळूला गदागदा हलवून जागं करायचं, हे सगळं माझं काम. इंजिन जागं झालं की मी मुकाट्याने मागे सरतो. एका श्वासाचं काम आहे. पण तो एक श्वास चुकला तर गाडी म्हणजे चार चाकांवरची पत्र्याची खोली. मी जरा तापट आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे कुणाबद्दल वेडंवाकडं बोललो तर मनावर घेऊ नका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली, वर लोखंडी कवच चढवलं आणि मला एका पांढऱ्या गाडीत बसवून दिलं. ती गाडी घेतली धामापूरच्या मधू मास्तरांनी. मास्तर हायस्कुलात गणित शिकवायचे. रोज सकाळी गाडीत बसले की तळ्याच्या बाजूला तोंड करून भगवतीला हात जोडायचे आणि म्हणायचे, "चल रे राजा." कितीतरी दिवस मला वाटायचं की ते मलाच म्हणतात. पुढे कळलं की ते अख्ख्या गाडीला म्हणतात. मला वाईट वाटलं, पण म्हणून मी काही काम सोडलं नाही. नऊ वर्षांत मास्तरांना शाळेत एकदाही उशीर झाला नाही, आणि त्यात निम्मा वाटा माझा होता.

मग एका मे महिन्यात वादळ आलं आणि अंगणातला माड गाडीवर पडला. टप सीटला टेकला. मास्तर बाहेर आले. मग चेपलेल्या दारातून कसाबसा हात आत घालून त्यांनी किल्ली फिरवली. मी जीव खाऊन उठलो. इंजिनही उठलं. त्या मोडक्या टपाखाली ते छान चालू झालं, आणि मास्तरांनी ते बंद करून डोळे पुसले. "माड माझ्या आज्यान लावललो," एवढंच ते म्हणाले.

गाडी भंगारात जायची होती. पण देवबागचे भिकाजी मेस्त्री आले, कान लावून इंजिनाचा आवाज ऐकला आणि जे जगण्यासारखं होतं ते सोडवून घेऊन गेले. त्यात मी होतो.

देवबागला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी. मधल्या वाळूच्या पट्टीवर भिकाजींची शेड. चाळीस वर्षं त्यांनी तिथे होड्यांची इंजिनं आणि रस्त्यावरच्या गाड्या दुरुस्त केल्या. आता नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपात जातात आणि भिकाजींचे हातही वर्षभरापासून थरथरतात. म्हणून त्यांची मुलगी गौरजा हिने ऑनलाइन बाजारात दुकान उघडलं होतं. जुन्या गाड्यांचे चांगले भाग बाबांनी नीट करायचे आणि तिने फोटो काढून विकायचे. गौरजाची आई यशोदाकाकू पर्यटकांना माशांचं जेवण घालायच्या, पण घर मुख्य चालत होतं ते त्या दुकानावर.

गौरजा हुशार मुलगी. जरा जास्तच हुशार, असं माझं मत. एकही ओरखडा लपवायची नाही. माझ्या कवचावर एक खड्डा आहे, त्याचा तिने वेगळा फोटो टाकला. मला लाज वाटली, पण गिऱ्हाईक फसायला नको हा तिचा हट्ट. प्रत्येक वस्तूच्या तळाशी ती लाल नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायची. त्याला कारण होतं. मागे एका गिऱ्हाइकाने तिचा चांगला भाग ठेवून घेतला आणि आपला जळका भाग 'खराब निघाला' म्हणून परत पाठवला. गौरजाकडे पुरावा नव्हता, तक्रार तिच्या विरुद्ध गेली. नंतर एक हेडलाइट वाटेत फुटला, तिने पॅक करतानाचा व्हिडिओ काढला नव्हता, तीही तक्रार विरुद्ध गेली. बाजाराचा नियम असा की वर्षात तीन तक्रारी विरुद्ध गेल्या की दुकान बंद. तिची एकच उरली होती. त्या दिवसापासून ती ठिपका द्यायची, व्हिडिओ काढायची आणि समोर त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवायची.

भिकाजींनी मला उघडलं, पुसलं, वीज आत पोचवणारे माझे कार्बन बदलले. मग खुंटीवर टांगलेली बाटली काढली. त्या बाटलीत घरच्या माडांचं खोबरेल असे.

"खारो वारो आसा," ते म्हणायचे. "त्याल लावक नाय तर आठ दिसात गंज खातलो हेका."

डब्यातल्या विकतच्या ग्रीसवर त्यांचा भरवसा नव्हता. आणि खरं सांगतो, त्या तेलाने माझा दांडा असा झाला की चाक त्यावर पाण्यासारखं सरकावं. बॅटरी लावली, गौरजाने मोबाइल धरला आणि मी टक करून उडी घेतली.

डिसेंबरात मला गिऱ्हाईक मिळालं. राधानगरीच्या पलीकडच्या एका गावातली सारिका नावाची बाई. तिच्या व्हॅनला माझ्याच जातीचा सेल्फ होता आणि तो जळला होता. आजवर गौरजाचा माल कुडाळला गेला, गोव्याला गेला, रत्नागिरीला गेला. फोंडाघाट चढून वर जाणारा मी पहिला.

"वाट लांबची," भिकाजी म्हणाले आणि बाटली पुन्हा काढून त्यांनी माझ्या दांड्यावर दोन थेंब जास्त सोडले. मायेने सोडले, मित्रांनो. ते दोन थेंब तुम्ही लक्षात ठेवा.

सारिका शाळेची मुलं पोचवायची. पाच वाड्यांतली अकरा मुलं पावणेसातला गोळा करायची आणि साडेसातला शाळेच्या दारात सोडायची. तिच्या गावच्या फिटरने मला भर दुपारी बसवलं. किल्ली फिरली, टक, गाडी उठली. सारिकाने बोनेटवर थाप मारली. "बेस झालं," ती म्हणाली. घाटावरच्या बायांचा ठसका मला आवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरली. वीज आली. मी जोर लावला. चाक हललंच नाही.

'टिक' असा केविलवाणा आवाज माझ्यातून निघाला. पुन्हा किल्ली. पुन्हा टिक. माझा मलाच विश्वास बसेना. माझ्या दांड्यावर काहीतरी घट्ट बसलं होतं आणि चाक त्यात रुतलं होतं. सारिकाने शेजारच्या दोघांना हाक मारली, गाडी ढकलून चालू केली आणि मुलांना उशिरा पोचवलं. दुपारी तिने किल्ली फिरवली तर मी खणखणीत उठलो. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टिक. चौथ्या दिवशीही तेच. तिने शेजाऱ्याची भरलेली बॅटरी आणून लावली, तरी टिक.

त्या चौथ्या सकाळी मी मेलेल्यासारखा पडून होतो आणि घराच्या उंबऱ्यावरून सारिकाच्या सासूबाईंचा, हौसाबाईंचा आवाज आला. त्या नातीची, रियाची वेणी घालत होत्या.

"बाटली चुलीपाशी धर गं," त्या म्हणाल्या. "त्याल घट्ट झालंय."

तेव्हा मला सगळं कळलं. देवबागच्या हवेत खोबरेल वर्षभर पातळ असतं. इथल्या गारठ्यात रात्रीतून त्याचा पांढरा मेणासारखा गोळा होतो. तोच गोळा माझ्या दांड्यावर बसला होता. उन्हं वर आली की तो वितळायचा आणि मी पुन्हा शहाणा व्हायचो. हे कळलं, आणि मला तोंड नव्हतं. याच्यासारखा छळ दुसरा नाही.

सारिकाने गौरजाला लिहिलं. गौरजाचं उत्तर आलं. ते सारिकाने गाडीत बसून मोठ्याने वाचलं: "नमस्कार. पाठवण्याआधी सेल्फ तपासला होता. व्हिडिओ जोडला आहे. आपली बॅटरी उतरलेली असू शकते. कृपया सेल्फ न चालतानाचा व्हिडिओ पाठवावा."

सारिकाने सकाळी व्हिडिओ काढला. पण ती भोळी बाई. सगळं खरं सांगायचं म्हणून तिने दुपारचाही व्हिडिओ पाठवला. त्यात मी टक करून उठत होतो. झालं. गौरजाचा संशय पक्का झाला. तिने फोन केला. सारिकाने तो स्पीकरवर टाकला, म्हणून दोघींचं बोलणं मी ऐकलं.

"ताई, तुमच्याच व्हिडिओत सेल्फ चालतोय," गौरजा म्हणाली. फोनवर ती अगदी ऑफिसातल्यासारखी बोलायची.

"दुपारी चालतोय वो. सकाळी न्हाई. रोजचं हाय हे."

"सकाळी नाही आणि दुपारी चालतो, असं कसं होईल? त्याला काय घड्याळ कळतं?"

अकरा मुलांचे आईबाप सारिकाला तीन दिवस बोल लावत होते, दोघांनी दुसरी गाडी बघतो म्हणून सांगितलं होतं, आणि वर हे.

"म्हंजे मी खोटं बोलाय लागलोय व्हय?" तिने विचारलं.

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणायचं काय ऱ्हायलंय मग." तिने फोन ठेवला.

मला दोघींचाही राग आला आणि दोघींचीही कीव आली. एकीला दोन वेळा फटका बसला होता, म्हणून तिला तिसरं गिऱ्हाईकही फसवणारच वाटत होतं. दुसरीने आयुष्यात कुणाला फसवलं नव्हतं, म्हणून तिला तो संशय चाबकासारखा लागला. त्याच दुपारी सारिकाने बाजाराकडे तक्रार केली. मला काढलं, खोक्यात घातलं आणि परत पाठवलं. तिने जुन्या साडीचा तुकडा माझ्याभोवती गुंडाळला होता. रागावलेली असूनही वाटेत मला दणका बसू नये म्हणून. हे गौरजाला कोण सांगणार होतं?

घाट उतरून मी देवबागला आलो तो सोमवारी. नियमाप्रमाणे गौरजाला बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर द्यायचं होतं. तिने मोबाइल स्टँडला लावला, शेजारी वर्तमानपत्र ठेवलं आणि खोकं उघडलं. तळाशी लाल ठिपका दिसला तेव्हा तिने सुस्कारा सोडला. म्हणजे वस्तू बदललेली नव्हती. मग बॅटरी लावली.

नको, मी मनात म्हणालो. आता तरी अडू दे मला. पण देवबागच्या त्या उबेत माझं तेल कधीच पातळ झालं होतं. टक. मी अशी उडी घेतली की टेबल हललं.

"बघ," भिकाजी म्हणाले. तीन दिवस त्यांना घास गोड लागला नव्हता, आता चेहरा उजळला. "माझ्या हातचा काम आसा. ती बाई खोटा बोलता."

गौरजा हसली नाही. पण तिने व्हिडिओ पुन्हा बघितला आणि तिचे खांदे सैल झाले. ठिपका दिसत होता, तारीख दिसत होती, सेल्फ चालत होता. याच्यापुढे कुणाचं काही चाललं नसतं. दुकान वाचलं होतं, आणि ते एका निरपराध बाईला खोटं पाडून वाचत होतं. अशी तक्रार खोटी ठरली की गिऱ्हाइकाच्या नावावर खूण बसते. मग तिला पुढे कुणी विक्रेता धड उत्तरही देत नाही. ज्या यंत्रामुळे हे होणार होतं ते मी होतो, आणि मी तर उत्तम चालत होतो. स्वतःच्या चालण्याची लाज मला आयुष्यात पहिल्यांदा वाटली.

बुधवारी दुपारी ती उत्तर लिहायला बसली. मी टेबलावर तिच्या समोरच होतो. बाजाराचा फॉर्म मोठा कटकटीचा. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक व्हिडिओत कितव्या सेकंदाला काय दिसतं ते लिहायचं. तिने आपले व्हिडिओ आधी उरकले. मग सारिकाचा सकाळचा व्हिडिओ लावला. बेचाळीस सेकंदांचा.

मला ठाऊक होतं त्यात काय असू शकतं. व्हिडिओ काढताना बाहेर हौसाबाई रोजच्यासारख्या उंबऱ्यावर असणार. पण त्या दिसतात की नाही हे मला कुठे ठाऊक होतं? मी तर बोनेटखाली होतो.

पहिल्यांदा गौरजाने डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. टिक. टिक. टिक. "सेकंद सहा, अकरा आणि सतरा," तिने वहीत लिहिलं. दुसऱ्यांदा लावला तेव्हा तिचं लक्ष किल्लीवर होतं, कारण किल्ली पूर्ण फिरवली नाही असं लिहिता येतं का ते तिला बघायचं होतं. किल्ली पूर्ण फिरली होती. तिने तो मुद्दा सोडून दिला. घड्याळात चार वाजून गेले. तिने उत्तराचा शेवट लिहिला: "सबब ही तक्रार खोटी असून ती फेटाळावी." मग पाठवण्याआधी, सवयीने, एकदा शेवटचं बघून घ्यावं म्हणून तिने व्हिडिओ तिसऱ्यांदा लावला.

विसाव्या सेकंदाला सारिकाने वैतागून हात खाली घेतला आणि मोबाइल काचेकडे वळला. काचेतून उंबरा दिसला. मुलांच्या तोंडातून वाफ निघत होती. एक म्हातारी नातीला पुढ्यात घेऊन बसली होती. तिने निळी बाटली तळहातावर उलटी केली, आपटली, पुन्हा आपटली. काही पडलं नाही. मग ती बाटली घेऊन उठली आणि आत चुलीकडे गेली.

गौरजाने व्हिडिओ मागे घेतला. पुन्हा बघितला. तिने माझ्याकडे बघितलं, मग खुंटीवरच्या बाटलीकडे.

"बाबा," ती म्हणाली, "हेका त्याल खंयचा लावलात?"

"खंयचा म्हणजे? घरचा. खोबऱ्याचा."

"किती?"

"लांबचो प्रवास म्हणान दोन थेंब जास्त."

ती उठली. "आये, ती बर्फाची पेटी रिकामी आसा?"

"बांगडे आसत," यशोदाकाकू आतून म्हणाल्या. "कित्याक?"

"सेल्फ ठेवचो आसा."

यशोदाकाकूंनी कपाळाला हात लावला, पण बांगडे बाजूला सारले. मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्या बर्फात पुरलं. मित्रांनो, मी नऊ वर्षं मास्तरांची गाडी उठवली, आणि आता मी बांगड्यांच्या पंगतीला बसलो होतो. एरवी माझा संताप झाला असता. त्या दिवशी मात्र मी मनात एकच घोकत होतो, गोठ, लवकर गोठ. पाऊण तास गेला. दांड्यावर ती ओळखीची घट्ट पकड आली आणि मला इतका आनंद झाला की विचारू नका. अडण्याचा आनंद होणारा यंत्राचा भाग जगात मी एकटाच असेन.

पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी मला बाहेर काढून बॅटरी लावली.

टिक.

पुन्हा लावली. टिक. गौरजाने टोकाकडून बोट आत घातलं आणि बाहेर काढलं. नखावर पांढरा कण होता. तो तिच्या बोटाच्या उबेने तिच्यादेखत वितळला.

भिकाजी स्टुलावर बसले. "चाळीस वर्सां ह्याच त्याल लावतंय मी," ते हळू म्हणाले. "कोणी कधी काय बोलूक नाय."

"कोण बोलतलो? तुमचा काम आजपर्यंत घाटाखालीच ऱ्हवला, बाबा. खाली गोठना नाय."

गौरजा परत टेबलाशी बसली. एका बाजूला सोमवारचा व्हिडिओ होता, त्यात मी चालत होतो. तो पाठवला की दुकान राहणार होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. बर्फाच्या पेटीबद्दल बाजाराने काही विचारलंच नव्हतं. तिच्या मनात हे आलं. मला दिसलं ते. तिने पाठवायच्या बटणावर बोट नेलं आणि तिथेच धरलं. तिला दोष देऊ नका. आधीचे दोन घाव तिने खाल्ले होते, आणि दोन्ही वेळा खरं तिच्या बाजूला असून ती हरली होती.

भिकाजी तिच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांचे थरथरते हात त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

"लिव," ते म्हणाले. "माझ्या हातची चूक म्हणान लिव. माझा नाव घाल."

"दुकान जातला, बाबा."

"जातला. पण ती बाई खोटी ठरली तर माका जेवण जावचा नाय."

गौरजाने बोट काढून घेतलं. लिहिलेलं सगळं पुसलं. मग आधी फोन लावला.

"आता काय बोलायचं ऱ्हायलंय?" पलीकडून सारिका म्हणाली.

"सारिकाताई, तुम्ही खरं बोलत होता. चूक आमची आहे. सेल्फला आम्ही खोबरेल लावलं होतं. तुमच्याकडे थंडीत ते गोठतं, आणि आम्हाला ते सुचलं नाही."

पलीकडून हौसाबाईंचा आवाज आला, "खोबरेल? अगं मग बाटलीगत त्यालाबी चुलीपाशी धरायचं हुतं की." आणि कुणीतरी फिसकन हसलं.

"मी तुम्हाला घड्याळाचं बोलले," गौरजा म्हणाली. "ते मी बोलायला नको होतं. माफ करा."

"लागलं हुतं ते मला, ताई."

"माहीत आहे."

"तक्रार मागं घेऊ का मी?"

गौरजाने नियम सांगितला. वस्तू परत गेली की तक्रार मागे घेता येत नाही. फक्त उत्तर देता येतं, आणि ही तिसरी ठरली की दुकान बंद. सारिका म्हणाली, "मग तुमचं दुकान वो?" गौरजा म्हणाली, "बघू." पावणेसहाला तिने खरं उत्तर पाठवलं, बर्फातला व्हिडिओ जोडून आणि खाली बापाचं नाव घालून.

शुक्रवारी निर्णय आला. तक्रार मान्य. तिसरी. दुकान वर्षभरासाठी बंद. माझ्या मनात कुठेतरी आशा होती की इतकं खरं बोलल्यावर कुणीतरी सूट देईल. तिकडे माणूस बसला होता की नुसतं यंत्र, मला ठाऊक नाही. गौरजा मोबाइल टेबलावर ठेवून समुद्राच्या बाजूला निघून गेली आणि बऱ्याच वेळाने डोळे लाल करून आली. भिकाजींनी खुंटीवरची बाटली काढली आणि यशोदाकाकूंना दिली. "डोक्याक लाव," ते म्हणाले.

शनिवारी सारिकाचा फोन आला. "तोच सेल्फ पाठवा," ती म्हणाली. "धुऊन. दुसरा नगं मला." भिकाजींनी मला पुन्हा उघडलं. रॉकेलने तीनदा धुतलं, उन्हात वाळवलं, आणि चाकाच्या दांड्याला या वेळी काही म्हणजे काही लावलं नाही. सारिकाच्या फिटरने फोनवरून तसंच सांगितलं होतं, आणि चाळीस वर्षांच्या मेस्त्रीने घाटावरच्या फिटरचं ऐकलं. "कोरडो जा," ते मला म्हणाले. मला. गाडीला नाही.

मी खोक्यात जायच्या आधी आणखी एक फोन आला. राधानगरीकडच्याच एका माणसाला डायनॅमो हवा होता. नंबर सारिकाने दिला होता. गौरजाने वही उघडली. नाव, गाव आणि गाडी विचारण्याच्याही आधी तिने विचारलं, "तुमच्याकडे सकाळी खोबरेल गोठतं का?"

आता मी सारिकाच्या व्हॅनमध्ये आहे. परवाच्या सकाळी इतका गारठा होता की काचेवर दव गोठल्यासारखं दिसत होतं. अकरातली नऊ मुलं आली होती, आणि सगळी बोनेटकडे बघत होती. हौसाबाई उंबऱ्यावर बाटली आपटत होत्या. सारिकाने किल्ली धरली आणि श्वास रोखला. मीही माझा रोखला.

टक.

मुलं ओरडली नाहीत, टाळ्या वाजल्या नाहीत. नुसता सगळ्यांचा श्वास सुटला आणि गाडी निघाली. सोमवारपासून राहिलेली दोन मुलंही येणार आहेत, असं कानावर आहे.

मित्रांनो, देवबागचं दुकान अजून बंद आहे. माझ्यामुळे बंद आहे, हे मी विसरत नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं मागतो. जुन्या वस्तूची काळजी घ्या, पण ती कुठल्या हवेत राहणार आहे ते बघून घ्या. नुसती माया पुरत नाही, हे मी दोन थेंबांत शिकलो. आणि दूरवरून कुणी सांगू लागलं की माझ्याकडे हे चालत नाही, तर तुमच्याकडे ते चालतंय म्हणून त्याला खोटं म्हणू नका. त्याच्या उंबऱ्यावर सकाळी काय गोठतं, एवढं आधी विचारा.